तीच की तिची

सर बोलायला लागले की आधी करंगळी वर करायचे आणि अंगठ्याच्या नखानं तिचं टोक दाखवायचे. "एवढ्याशा रेघेसाठी, राव, एवढ्याशा रेघेसाठी रोमचं अख्खं साम्राज्य भांडत बसलं!" हे वाक्य मी निदान नऊ हजार वेळा ऐकलंय. खोटं वाटत असेल तर आमच्या गावच्या कुठल्याही म्हशीला विचारा, तिलाही पाठ आहे.

मढच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात सर इतिहास शिकवायचे. जुन्नरच्या रद्दीवाल्याकडं त्यांना विटेएवढं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, कव्हर नसलेलं. त्यात दीड हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती धर्मसभांची हकिगत होती. येशू देवबापाच्याच तत्त्वाचा, की त्याच्यासारख्या तत्त्वाचा? ग्रीक भाषेत या दोन शब्दांत फरक रेघेएवढ्या एका अक्षराचा, आणि तेवढ्यावरून बिशपांनी एकमेकांना धर्माबाहेर काढलं. सरांच्या गळ्यात तुळशीची माळ, पण गावानं त्यांचं नाव बिशप ठेवलं.

त्या सभा ते शेजारच्या गावात झाल्यासारख्या सांगत.

"इफिसस शहरातल्या सभेत काय झालं? एका बिशपानं विरोधी पार्टी यायच्या आधीच मीटिंग उरकली. ते पोचले तोवर ठराव पास!"

"म्हंजी आपल्या सोसायटीगत," पारावरचा कुणीतरी म्हणे.

"सोसायटीनं त्यांच्याकडनं उचललंय. आणि मग त्यानं राजवाड्यात काय धाडलं? हस्तिदंती खुर्च्या, गालिचे आणि शहामृग!"

"शहामृग कशाला वो सर?"

"बादशहाच्या कारभाऱ्याला कोंबडी कशी धाडणार?"

तर अशा या बिशपाच्या गावात धर्मसभेची वेळ यावी, हे देवीनंच ठरवलं असणार. आमच्या दोन वाड्या, मध्ये ओढा. वरच्या वाडीच्या राईत देवीचा जुना शेंदरी दगड. खालच्या वाडीनं तिचं सिमेंटचं देऊळ बांधलं. खालचे म्हणाले, ही तीच देवी, खाली उतरलेली. वरचे म्हणाले, छे, ही तिची धाकटी बहीण. तीच असेल तर जत्रेत पालखी डोंगरावर न्यायचं कारण उरत नाही. तिची असेल तर पहिला मान वर. नव्या कमानीवर यातलं काय लिहायचं यावरून जत्रेतच पालखीचा दांडा दोन्हीकडून ओढला गेला. तो मोडल्याचा आवाज माळशेजपर्यंत गेला आणि तिकडच्या ड्रायव्हरांनी टायर तपासले. दोन्ही वाड्यांनी देवीपुढं शपथ घेतली: पलीकडं पाऊल टाकायचं नाही, पलीकडच्याशी बोलायचं नाही.

"मी सांगत नव्हतो?" सर हरखून म्हणाले. ते दोन दिवस हरखलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपली एकुलती एक लेक खालच्या वाडीत दिलीय, आणि तिला सातवा महिना आहे.

बाळंतपणाला ती माहेरी आलीच नाही. फोन करायचा ना, असं तुम्ही म्हणाल. शपथेत फोनही होता. आमचं गाव मागासलेलं नाही. सर ओट्यावर बसून ओढ्यापलीकडची तिची कपडे वाळवायची दोरी बघत राहायचे. एका सकाळी दोरीवर लंगोट दिसले. "सुटली वाटतं," म्हणाले आणि उठून आत गेले. मुलगा की मुलगी, हे पुढं फुलाफुलांचा फ्रॉक वाळत पडला तेव्हा कळलं.

फ्रॉक दिसला त्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही वाड्यांना शाळेत बोलावलं. शाळा सरकारी, त्यामुळं ती कुणाच्याच शपथेत बसत नव्हती. सगळे आत आल्यावर दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "सह्या करा, म्हणजे चहा किती सांगायचा ते कळेल." कोऱ्या कागदाच्या तळाशी सगळ्यांनी सह्या ठोकल्या. आमच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, ही इफिससच्या दुसऱ्या सभेतल्या बिशपांची तक्रार सरांनीच आम्हाला वीस वेळा सांगितली होती. आम्ही तेव्हा हसलो होतो.

सह्यांच्या वर त्यांनी ठराव लिहिला. 'वर आहे ती देवी आणि खाली आहे ती', आणि मग तो शब्द. तालुक्यात सरांसारखं अक्षर नव्हतं. चुकीच्या वेलांटीबद्दल त्यांनी मारलेली पट्टी माझ्या बोटांत अजून थंडीची ठणकते. त्याच हातानं त्यांनी तो शब्द असा खरडला, की वेलांट्या कुठून निघाल्या नि कुठं पडल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. तीच वाचा, तिची वाचा. कागद माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला.

"सर, हे काय लिहिलंय?"

"तू झेरॉक्सची झेरॉक्स काढ. वाचू नको."

मशीनचा टोनर नेमका तेव्हाच संपत आला होता, असं मी आजही सांगतो.

दोन्ही वाड्यांनी आपापली प्रत वाचली आणि दोन्हीकडं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी लेक ओढा ओलांडून आली, कडेवर पोर घेऊन. सरांना बघताच पोरीनं भोकाड पसरलं. "बरोबर आहे," सर म्हणाले, "आमची ओळख नाही झालेली." आणि ती गप्प होईपर्यंत चार हात लांब उभे राहिले.

पुढं कमान रंगवायला पेंटर आला, तेव्हा सर खाटेला खिळले होते. त्यानं विचारलं, "सर, तीच का तिची?"

"जागा सोड."

"किती?"

"दोन अक्षरांची."

त्याच आठवड्यात ते गेले. तिरडीला दोन्ही वाड्यांचे खांदे होते, आणि या वेळी दांडा कुणी ओढला नाही.

कमानीवर ती जागा अजून कोरी आहे. वरचे तिथं एक वाचतात, खालचे दुसरं, आणि पालखी दोन्हीकडं जाते. परवा गिरणीत दळणाच्या रांगेत एका म्हातारीनं सरांच्या लेकीला गाठलंच.

"काय गं, तुझ्या बापाला नेमकं काय म्हनायचं व्हतं?"

लेकीनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला.

"त्यांना मला 'ये' म्हनायचं व्हतं," ती म्हणाली.