अक्कांच्या शेजारची जागा

त्या वर्षी ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला आणि मला पवित्र व्हायची घाई झाली. मुलगी सासरी गेलेली, नवऱ्याला पवित्र करायचे माझे सगळे प्रयत्न फसलेले. म्हटलं, आता आपलं आपणच बघावं. शाळा सुटल्यावर भर उन्हात थेट चर्चमध्ये फादरांकडे गेले.

आमचे फादर तरुण, नातेपुत्याकडचे. प्रवचन शुद्ध मराठीत करायचे, पण चर्चच्या पायऱ्या उतरले की गावची बोली सुरू. मी म्हणाले, "फादर, शुक्रवारचा उपास कडक करते, रोज जपमाळ होते. आणखी काय करू?"

"बाई, तुमाला सगळ्यात जास्त कोण खुपतं?"

विचार करावाच लागला नाही. आमच्या गायनमंडळात एक निवृत्त नर्स होत्या. घरी तेलुगू बोलायच्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. पेटी कुठलाही सूर देवो, अक्का आपल्याच सुरात जात, आणि तेही वॉर्डातल्या शेवटच्या खाटेला ऐकू जावं अशा आवाजात.

"मग त्यांच्याच शेजारी बसायचं," फादर म्हणाले, "आन् दर रविवारी त्यांचं एक कौतुक करायचं. खोटं न्हाय चालायचं."

"त्यापेक्षा दोन उपास वाढवा की."

"उपास तुमाला जमतोय. जमतंय त्यात काय वाढणार?"

पहिल्या रविवारी साडीच्या काठावर भागवलं. दुसऱ्या रविवारी, "अक्का, तुम्ही अगदी वेळेवर येता." तिसऱ्या रविवारी खरं बोलण्यासारखं काही सुचेना. शेवटी म्हणाले, "तुमचा आवाज फार लांबपर्यंत पोचतो." अक्कांचा चेहरा उजळला. पुढच्या गाण्याला त्यांनी माइक स्वतःकडे ओढून घेतला.

मी तक्रार घेऊन गेले. फादर मोटरसायकल धूत होते. ऐकून हसायला लागले.

"मलाबी हेच औषध चालू हाय, बाई. माझे गुरू, म्हातारे फादर, पुण्यात असतात. त्यांना इचारलं, मंडळाचा माइक काढून टाकू का. ते म्हणाले, माइकला हात लावायचा न्हाय. उलट मिस्साच्या प्रार्थनेआधी अक्कांच्या गुडघ्याची चौकशी करायची."

"आणि तुम्ही करता?"

"करतो की. फादर व्हायला निघालो तवा वाटलं, चला, सासुरवास टळला. लग्न केलं असतं तर एकच सासू मिळाली असती. हितं अख्खी मंडळी हाय."

"मग देवाचं पाचारण चुकलं म्हणायचं?"

"न्हाय. आता कुटं ऐकू यायला लागलंय. देव एकदाच बोलवत न्हाय, रोज दार वाजवतो. उघडून बघावं तर भाईर अक्का."

पुढच्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत अक्कांनीच मला खांबाआड ओढलं. "टीचर, खरं सांगा. माझ्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये काही वाईट निघालंय का? माणूस जाणार असला की नातेवाईक असेच गोड बोलतात. वॉर्डात आयुष्य गेलं माझं."

आता खोटं चालणार नव्हतं. सगळं सांगितलं. अक्का जाऊन अगदी मागच्या बाकावर बसल्या आणि गायल्याच नाहीत.

पहिलं कडवं मला फार सुखाचं गेलं. दुसरं कुणीच उचललं नाही, कारण आजवर सगळे अक्कांच्या मागेच निघत होते. पेटीवाले माझ्याकडे बघायला लागले. मिस्सा संपेपर्यंत मला अक्कांकडे बघवेना.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दार उघडून त्यांनी आधी ताक दिलं, मग म्हणाल्या, "डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. पेटी डावीकडेच असते. म्हणून मोठ्यानं गाते, निदान स्वतःचं तरी ऐकू यावं."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही साडीचं बोलत होता. मध्ये कुठं सांगू?"

आम्ही दोघी हसलो. माझं हसू जरा उशिराच आलं.

आता मी त्यांच्या उजव्या हाताला बसते. सूर सुटला की हळूच त्यांचा हात दाबते, त्या आवाज खाली आणतात. मी पवित्र झाले की नाही, फादर सांगत नाहीत. पण हल्ली अक्काही माझा हात दाबतात, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त वेळा.