बेटाच्या सावलीबाहेर

आयर्लंडमधल्या डंडॉक गावातल्या मराठी घरांत डिसेंबर ते मार्च कुणीही गाडीची किल्ली उचलण्याआधी फोन बघतं. सरकारी इशारा नंतर; आधी रविकांत काय म्हणाला ते. रविकांत काही हवामानशास्त्रज्ञ नाही. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, नाकावरचा चष्मा सतत वर ढकलतो आणि जेवताना फोन खाली ठेवत नाही म्हणून बायकोची, अक्षयाची, बोलणी खातो. पण वादळ किती वाजता येईल, कुठल्या वळणावर बर्फ गोठेल, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात ड्युटीला जाणाऱ्या मुक्तानं सहाला निघावं की आठला, हे तो ग्रुपवर सांगतो आणि लोक मुकाट्यानं ऐकतात. चुकला तर टवाळीही पोटभर करतात.

हा नाद वडिलांकडून आलेला. वडील आर्वीच्या तहसील कचेरीत कारकून होते आणि आवारातलं पर्जन्यमापक त्यांच्या ताब्यात होतं. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा, मगच चहा. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. रविकांत आजही बरोबर साडेआठला मागच्या अंगणातलं तापमान वहीत लिहितो. डावीकडे आपण काय सांगितलं होतं, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. चुकलेली ओळ खोडत नाही. एवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे कुणी मागितलेला नाही, पण मोजणाऱ्या माणसाच्या घरात वाढलं की असं होतं.

त्या वहीत मागच्या फेब्रुवारीतली एक ओळ आहे. डावीकडे 'पाऊस', उजवीकडे 'बर्फ, पहाटे पाच ते सहा'. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी नव्हती, म्हणून रविकांतनं थर्मामीटर आधीपासून असलेल्या खिळ्यावर लटकवलं होतं. तो खिळा नेमका बॉयलरची गरम वाफ बाहेर पडते त्या नळीशेजारी. घर गरम होऊ लागलं की थर्मामीटरही ऊब घेत बसायचं. त्यानं तीन अंश दाखवले, रविकांतनं पाऊस सांगितला आणि सगळे गाढ झोपले. सकाळी उठून बघतात तो गाड्यांच्या टपांवर थोडा बर्फाचा चिखल तेवढा उरलेला.

इतरांना हसायला विषय मिळाला. रविकांतला मात्र ती ओळ आजही टोचते, कारण त्या पहाटे आतल्या खोलीत त्याची आई झोपली होती.

आईला, नंदाताईंना, काचबिंदू होता. नजर कडांकडून आत आत येत चालली होती. समोरचं नीट दिसायचं, बाजूचं नाहीसं व्हायचं. घरातले दिवसभर त्यांना दिशा सांगत. "आई, वाटी डावीकडे आहे." "आई, मागून सायकल येतेय." नात स्वानंदीसुद्धा ओरडायची, "आजी, टु युअर लेफ्ट!" तीन हिवाळे त्या इथे आल्या आणि तिन्ही वेळा त्यांचं मागणं एकच होतं: बर्फ पडताना बघायचा. फोटोतला नको, खाली पडलेलाही नको. पडताना. नागपूरच्या डॉक्टरांनी यंदा निघताना स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या वर्षी किती दिसेल याची खात्री नाही. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

आणि त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी वारा पूर्वेकडून यायला लागला.

आयर्लंडमध्ये बर्फ सहजासहजी पडत नाही, तो जमून यावा लागतो. पूर्वेकडच्या खंडावरून गारठलेला वारा समुद्रावर येतो. समुद्र त्या मानानं उबदार. वारा त्याची वाफ उचलतो, ढग एकामागे एक रांगेला लागतात आणि बर्फाचे अरुंद, लांबच लांब पट्टे किनाऱ्याकडे निघतात. पण वाटेत आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. त्याच्या आडोशाला जे गाव येईल ते कोरडं राहतं. शंभराहून जास्त किलोमीटरवरचं, चार डोंगरांचं ते बेट इथल्या एका गावाला बर्फ देतं आणि शेजारच्याला नाही. इतकी वर्षं बघूनही रविकांतचं हे नवल ओसरलेलं नव्हतं.

त्यानं आकडे तीनदा तपासले. बर्फाचा सरकारी पिवळा इशारा अख्ख्या किनाऱ्याला होता, पण डंडॉक बेटाच्या सावलीत येत होतं. बर्फ येणार तो दक्षिणेला, लेटाउनच्या किनाऱ्यावर, सकाळी अकरा-चाळीसच्या सुमाराला. त्यानं ग्रुपवर लिहिलं: 'उद्या डंडॉक कोरडं. दक्षिणेकडे गाडी काढू नका.'

शनिवारी डंडॉकला लख्ख ऊन पडलं. ग्रुपवरचा टवाळ गुरुनाथ म्हणाला, "दादा, इशारा पिवळा म्हणजे उन्हाचा होता का? गॉगल लावू?"

रविकांत तेव्हा आईला स्वेटरवर स्वेटर चढवत होता. गाडी नको असं त्यानंच सगळ्यांना बजावलेलं, तेव्हा लेटाउनला जायचं ते ट्रेननं. अक्षयानं थर्मासमध्ये चहा भरला आणि दारात हळूच म्हणाली, "नाहीच पडला तर?"

"तर वहीत लिहीन," तो म्हणाला.

लेटाउनचं स्टेशन समुद्राला अगदी लागून आहे. दोघं उतरून वाळूच्या कडेला बाकावर बसले. ऊन होतंच. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. अकरा-चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. रविकांतनं रडारचं चित्र उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पट्टा समुद्रातच थबकल्यासारखा दिसत होता. किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटर. वारा इतकासा जरी सरकला तरी सगळं निसटणार होतं.

"काऊन रे, बर्फ कुठं हाये तुया?" आईनं विचारलं.

"येतोय आई."

"तुया बाबाबी असेच बसत, आभायाकडं पाहात." त्या हसल्या. त्यांचे ओठ निळसर पडले होते. "नाई आला तरी चालते बाबू. चाल, गारठून जाशीन."

चालत नव्हतं. रविकांतला ते अजिबात चालत नव्हतं. त्याला एकदम रडू येईल असं वाटलं आणि बेचाळीस वर्षांच्या माणसानं हवामानावर रडू नये म्हणून त्यानं तोंड समुद्राकडे फिरवलं.

क्षितिज नव्हतं.

जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे पांढरी भिंत उभी होती. वरपासून खालपर्यंत, आणि ती चालत येत होती. एक जहाज तिच्यात गेलं आणि दिसेनासं झालं. कुत्रा भुंकायचा थांबला. इतकी वर्षं रविकांतनं हा पट्टा फोनवर बोटभर निळ्या रेघेसारखा बघितला होता. त्याची उंची त्याला ठाऊकच नव्हती. कुठल्या तरी दूरच्या मैदानातून निघालेला वारा, समुद्राची वाफ, मधलं ते बेट, सगळं ठरवून दिल्यासारखं या बाकापाशी येत होतं, आणि अंदाज आपला होता म्हणून ते आपलं होत नव्हतं. त्यानं नकळत हात जोडले.

आधी ऊन गेलं. मग चार कण आले, उगाच, भिरभिरत. आणि मग सगळं आभाळच सुटलं, मोठ्या मोठ्या पाकळ्यांनी, एवढं येऊनही जराही आवाज न करता.

"अरे बाप्पा," नंदाताई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या.

रविकांतनं सवयीनं त्यांचा दंड धरला. "आई, डावीकडे बघ, समुद्रावर..."

"राहू दे." त्यांनी हात सोडवून घेतला. पापण्यांवर बर्फ बसत होता आणि तो त्या पुसत नव्हत्या. "जिथं पाहावं तिथं तेच हाये. इकडं पाह्य, तिकडं पाह्य, कोनी सांगाचं कामच नाई. आज माह्या नजरेतून काईच सुटून नाई राहिलं."