शेवटची आठ पानं

माझ्या मेहुण्यांइतकी कमी पुस्तकं इतक्या जास्त वेळा वाचलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. पुस्तकं एकूण अकरा, सगळी शाळकरी वयातली. वाचकाचं वय छप्पन्न, नोकरी चादरींच्या कारखान्यात स्टोअरकीपरची. रविवारी जेवण झालं की ते फरशीवर पालथे पडतात, पाय वर करून हलवत राहतात आणि गुळाचा खडा गालात धरतात, कारण दहाव्या वर्षी असंच वाचलं होतं. खुर्चीत बसून वाचलं तर म्हणे गोष्ट लागत नाही. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही ते असेच पडलेले होते आणि डोळे पुसत होते. "बसा की," ते पाहुण्यांना म्हणाले, "सदतिसावं पान हाय, हितं रडायला येतंच." लग्न जमलं, हे मुद्दाम सांगतो.

अकरातलं सगळ्यात लाडकं पुस्तक एका हरवलेल्या उंटाचं. त्याला शेवटच नव्हता. लहानपणी मोडनिंबला शेळ्या राखताना हे झाडाखाली झोपले आणि एका शेळीनं शेवटची आठ पानं खाल्ली. मग शेवट त्यांनीच रचला: उंट घरी येतो. आधी लेकीला आणि आता नातीला त्यांनी तोच सांगितला.

गेल्या महिन्यात मला जुन्या बाजारात तेच पुस्तक अख्खं मिळालं. चौसष्ट पानं, मोजूनच घेतलं. वाटलं, आनंदानं नाचतील. मेहुण्यांनी ते हातातही धरलं नाही.

"दाजी, आदी तुमी वाचा. उंट येतोय का न्हाय, तेवढं सांगा."

"आणि नाही आला तर?"

"तर नातीला काय तोंड दावू? पण खरं सांगा बरं का."

मी त्यांच्यासमोरच वाचलं. त्यांचे पाय हलायचे थांबले होते. आठ पानांत मालक वाट बघतो, म्हातारा होतो आणि गोष्ट संपते.

"येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी गालातला गूळ चावून संपवला. मग म्हणाले, "लिवणाऱ्यानं जनावर राखलेलं नसणार, दाजी. जनावर घरची वाट इसरत न्हाय. उशीर लागतो, एवढंच."

तेव्हापासून नातीच्या गोष्टीत मालकाचे केस पिकतात आणि मगच उंट येतो. "एवढा उशीर का?" ती विचारते. "लई लांब गेलता गं," आजोबा म्हणतात. ती दाराकडे बघते. छापील शेवट मला पाठ आहे. तरी परवा तिच्याबरोबर मीही दाराकडे बघितलं.