पाटावरची जॉयस्टिक

सोल्डरिंगचा वास आला की बालमित्र नंदू आठवतो. छत्तीसगड वेगळं झालं, त्याच्या सरकारी नोकरीतल्या बाबांना बदलीत रायपूर मिळालं. ग्वाल्हेर सुटण्याआधी त्याच्या घरी व्हिडिओ गेमचा शेवटचा डाव ठरला. माझी जॉयस्टिक मोडलेली, म्हणून मी जेवायच्या पाटालाच भोकं पाडून नवी बनवली. तारा सोल्डरने जोडल्या पाट पालथा घालून, त्यामुळे उजवीकडे ढकललं की पडद्यावरचा गडी डावीकडे पळे. अक्कल लढवून पाटच फिरवला, तर उडी मारायच्या जागी तो खाली बसू लागला.

"यार, जायच्या आधी एकदा तरी हरवशील का मला?" नंदू म्हणाला.

"दोन मिनिटं थांब रे!"

तेवढ्यात त्याच्या बाबांनी टीव्हीची वायर काढली. "चला पोरांनो, ट्रक भरायचाय."

फक्त दोन तारांची अदलाबदल करायची होती. आज डोळे मिटून करीन, पण नंदू परत आलाच नाही. भोकांचा पाट मात्र दर पंगतीला माझ्याच वाट्याला येतो.