पाच गोळ्यांचं कार्ड

टारगेटचं कार्ड हातात आलं की उस्ताद ते डोळ्यासमोर धरायचे आणि गोळीच्या भोकातून मारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. मग कार्ड खाली घेऊन म्हणायचे, "हत्यार खोटं बोलत न्हाय." पुढचं वाक्य ते कधी म्हणत नसत, पण ज्याचं त्याला ते नीट ऐकू येई.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या शिव्या खायला आपण पदरचं पेट्रोल जाळून जातो. मी बँकेत नोकरी करते. आठवडाभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि रविवारी सोलापूरच्या बाहेर, पत्र्याच्या शेडखालच्या रायफल क्लबात जाऊन उस्तादांचं ऐकून घ्यायचं. माझ्या गोळ्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेल्या की ते म्हणत, "बाई, ते टारगेट हाय, खातेदार न्हाय. त्याला उद्या या म्हणू नका." सगळे हसत. मीही हसे, आणि घरी जाऊन भांडी आपटे.

उस्ताद फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तिथे रंगरुटांना नेमबाजी शिकवत, म्हणून उस्ताद. गाव उजनीच्या काठावर. मुलगा तिथे केळी लावतो. बापलेकांचं एका ताटात कधी जमलं नाही, म्हणून क्लबाचे कोच झाल्यावर उस्ताद रेंजमागच्या खोलीतच राहायला आले. एक खाट, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भिंतीवरच्या लोखंडी कपाटात त्यांची स्वतःची पॉइंट टू-टू बोअरची रायफल. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढणारी. आमच्यातले हौशी लोक दर गोळीला हाताने बोल्ट ओढून नवी गोळी चढवायच्या महागड्या रायफली वापरत आणि उस्तादांच्या रायफलीला 'चणे फुटाणे' म्हणत. मग उस्ताद त्याच चण्याफुटाण्यांनी पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील अशा मारत आणि कुणाकडेही न बघता चहा प्यायला जात.

ते कोच कसे झाले तेही सांगायला हवं. क्लबात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. हळदकुंकू, झेंडूची फुलं, पेढे, आणि मग कोचनं सर्वांसमोर पाच गोळ्या मारायच्या. ते कार्ड वर्षभर ऑफिसात टांगलं जातं. उस्तादांच्या आधी एक म्हातारे मास्तर होते, भला माणूस. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या नवमीला त्यांच्या गोळ्या कार्डभर विखुरल्या. तेव्हा नुसते सभासद असलेले उस्ताद पुढे झाले, भोकातून मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "कार्ड फाटलं. ज्याचं कार्ड फाटलं त्यानं दुसऱ्याला शिकवू नये." क्लबाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी, तिथल्या तिथे तो नियम करून टाकला. मास्तर पेढा हातात तसाच धरून बसस्टँडकडे चालत गेले. उस्तादांनी त्यांना रिक्षासुद्धा बघून दिली नाही.

पुढे बरीच वर्षं नवमीचं कार्ड उस्तादांचंच असे.

पूनम आली ती माढ्याकडची. शहरात एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची आणि पोलीस भरतीची तयारी करायची. पहिल्या दिवशी रायफल धरताना तिचा डावा हात थरथरला. उस्ताद म्हणाले, "हात झ्याक हाय. भाकरी थापायच्या कामाचा." पोरगी रडली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. मग उस्तादांनी तिचा छळ मांडला. मे महिन्यात, पत्रा तापून कानशिलं भाजत असताना, नळीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून तिला उभं करायचे. पाणी सांडलं की पेला परत भरायचे. "दुखतंय का?" "न्हाय, उस्ताद." "मग अजून भर घालू की." मी एकदा न राहवून म्हटलं, "उस्ताद, माणसाचं लेकरू आहे ते." तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकरू असंल तर घरी ठिवा."

पण गोळ्यांचे नवे डबे आले की ते खोलीत बसून एकेक गोळी बोटांनी फिरवून बघत आणि एकसारख्या वजनाच्या वेगळ्या काढून ठेवत. त्या फक्त पूनमला मिळत. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी एकदा त्यातल्या मागितल्या आणि शिवी खाल्ली.

मग एका उन्हाळ्यानंतर उस्तादांनी रायफलीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता बदलला. जुना हलका पडतो म्हणाले. सुताराकडून शिसवीचा, चांगला जडशीळ दस्ता घडवून आणला. आम्ही कौतुक केलं. थोड्या दिवसांनी दस्त्यावर गाल टेकवायला उंच गादी बसवली. यंत्रमागाच्या चामडी पट्ट्यांची, त्यांनी स्वतः टाके घालून शिवलेली. मग पुण्याच्या परवानाधारक दुकानातून हलका ट्रिगर आला. नेम धरायची माशी जाऊन तिथे दुर्बीण आली, आणि ती जाऊन त्याहून मोठी दुर्बीण आली. दर वेळी उस्ताद म्हणत, "आता बघा, आता कशी बोलती ती."

आम्हांला त्यांची प्रकृती त्या पार्टांवरून कळू लागली. जड दस्ता आला म्हणजे हात कापतोय. उंच गादी आली म्हणजे मान वाकत नाही. हलका ट्रिगर म्हणजे साखरेच्या आजारानं बोटाची जाण गेली. दुर्बिणीचं तर सांगायलाच नको. ज्या माणसानं कधी आजारपणाची रजा घेतली नाही, त्याचा सगळा आजार त्या रायफलीवर स्क्रूनं बसवलेला दिसे. नळी तेवढी जुनी राहिली, कारण ती बदलायला पोलिसांची परवानगी लागते.

क्लबात त्याची चेष्टा सुरू झाली. पुढचा पार्ट कुठला यावर पैजा लागत. वकीलसाहेब म्हणाले, "आता रायफलीला कवळी बसवतील." सगळे खो खो हसले. उस्ताद, डॉक्टरकडे चला, असं एकानंही म्हटलं नाही. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या ते सगळे नवमीची वाट बघत होते. कोचपद गेलं की खोली जाणार, आणि खोली गेली की ज्या मुलाच्या दारात उभा राहणार नाही म्हणाले होते तिथेच जावं लागणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं वाईट नसतात म्हणतात. मी त्या पावसाळाभर पाहिलं आहे, असतात.

नवमीला उस्ताद कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. रायफलीला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि चटईवर आडवे झाले. पाच आवाज झाले. वकीलसाहेबांनी कार्ड आणवलं. काळ्यात एक गोळी होती. तीन कुठेकुठे होत्या. पाचवी शेजारच्या टारगेटच्या फळीवर सापडली.

पेढ्यांच्या बॉक्सवर माशा बसत होत्या.

"दुर्बीण हलली हाय," उस्ताद म्हणाले.

"असेल की," वकीलसाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले. "मग काय करायचं म्हणता?"

उस्तादांनी वर बघितलं. "पूनम, ह्याच रायफलीनं तू मार. दाव ह्यास्नी."

पूनम पुढे येऊन त्यांच्या जागी चटईवर आडवी झाली. नवं कार्ड लावायचं काम माझ्याकडे होतं, ते लावून मी परत येऊन चटईजवळच उभी होते, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. नळीखालची वाळूची पिशवी सारखी करण्याच्या निमित्तानं उस्ताद तिच्याशेजारी वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "दोन बाहेर टाक, पोरी."

आयुष्यात त्यांनी कुणाजवळ काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. तिच्याही गोळ्या बाहेर गेल्या तर दोष दुर्बिणीवर जाणार होता. टाक गं बाई, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

पूनमनं त्यांच्याकडे बघितलं. मग चामड्याच्या गादीवर गाल टेकवला आणि तितक्याच हळू म्हणाली, "उस्ताद, हत्यार खोटं बोलत न्हाय."

पाच गोळ्या तिनं गाल न उचलता मारल्या. मागाचा धोटा पळावा तशा एका लयीत. कार्ड आलं तेव्हा भोक एकच दिसत होतं, जरासं लांबट.

टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांनी सर्वांत मोठ्यानं वाजवल्या. उस्तादांनी कार्ड घेतलं, डोळ्याला लावलं, भोकातून पूनमकडे बघितलं. "दुसऱ्या गोळीला श्वास सोडलास," ते म्हणाले. एवढं बोलून खोलीत गेले आणि ट्रंक भरायला लागले.

मुलगा गाडी घेऊन आला. मला पूनमचा भयंकर राग आला होता आणि तिच्याइतका अभिमान त्या दिवशी कुणाचाच वाटला नव्हता. ती कोच झाली. खोलीत आता गोळ्यांचे डबे ठेवतात.

पुढच्या नवमीला ऑफिसातलं कार्ड बदललं. काढलेलं, पूनमचं ते एका भोकाचं कार्ड मी मागून घेतलं आणि एका रविवारी उजनीच्या काठाला गेले. केळीच्या बागेशेजारी घर. अंगणात मोटरसायकल, पाण्याच्या मोटारीचा आवाज. उस्ताद ओसरीवर खाटेवर होते. मुलानं रायफल दुर्बिणीबिर्बिणीसकट पोलिसांत जमा करायला लावली होती. जुना दस्ता घरीच राहिला होता, तो सुनेनं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावला होता. उस्ताद दिवसभर त्या दाराकडे तोंड करून बसत.

"बँकवाल्या बाई," त्यांनी ओळखलं. "काय आणलंय?"

मी कार्ड दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावायचा प्रयत्न केला. हात इतका कापत होता की भोक डोळ्यापुढे टिकेना. मी शेजारी बसून कार्ड धरलं. त्यांनी एक डोळा मिटून बागेकडे, पाण्याकडे, मग अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या सुनेकडे बघून घेतलं.

"ती शिकवती का बरं?"

"तुमच्यासारखंच. लोक रडतात."

"झ्याक."

वर्षभर मनात ठेवलेलं मी विचारून टाकलं. "उस्ताद, त्या दिवशी तिनं खरंच दोन बाहेर टाकल्या असत्या तर?"

"तर मी कोच राहिलो असतो की."

"आणि ती?"

त्यांनी कार्डाच्या भोकातून माझ्याकडे बघितलं. तो जुना, माणूस सोलून काढणारा डोळा.

"तिला दुसऱ्या दिवशी हाकलली असती," उस्ताद म्हणाले. "सांगितलं म्हणून बाहेर मारणारी पोरगी ठिवून काय करू?"

मग दमले. डोळा मिटून पडले. कार्ड माझ्या हातात राहिलं. परत नेऊ का ठेवू, हे विचारायला मी थोडा वेळ बसले, आणि ते झोपलेत असं पाहून त्यांच्या उशाखाली सारून उठले. जाताना दाराखालचा दस्ता पायानं नीट आत सरकवला, वारा सुटला होता.

दिवाळीनंतर उस्ताद गेल्याचा मुलाचा फोन आला, तो मला नाही, पूनमला. ती रेंजवर होती. तिनं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि समोर थांबलेल्या नव्या मुलीला म्हणाली, "पेला भर. सांडलाय."