दुसरा हात कुठंय?

"दुसरा हात कुठंय?" असं म्हणत बाई मुलाचा मांडीत पडलेला डावा हात उचलायच्या आणि कागदावर नेऊन ठेवायच्या. उजव्याने रेघ काढायची, डाव्याने कागद धरायचा. मी एका हाताने चहाचा कप पुढे केला तरी हाच प्रश्न. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या बालवाडीत मी त्यांची मदतनीस होते, म्हणजे मुलांच्या बरोबरीने बोलणी खाणारी.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. बालवाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पाटी येईल. आमच्याकडे मुलं अनवाणी गोणपाटावर चालत, कणीक मळत, ओल्या वाळूत हात खुपसत. पालक दारातून विचारत, "बाई, एबीसीडी कधी?" बाईंचा पारा चढायचा. "हातच तयार नाहीत आणि अक्षरं हवीत! आधी दोन हातांना एकत्र काम करू दे." एवढं बोलून दार लोटून घ्यायच्या. कुणाला नीट समजावून सांगणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. त्यावरून मी त्यांच्याशी कितीदा तरी भांडले.

नसीम तेव्हा पाच वर्षांची होती. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात बिनघोर झोपणारी पोर, पण बोटाला ओली वाळू लागली की किंचाळायची. पायरी उतरताना भिंत धरायची. बटण लावताना एक हात झटायचा, दुसरा नुसता लोंबकळायचा. नाना उपाय थकल्यावर बाईंनी तिच्या हातात रिकामी कांडी आणि सूत दिलं. गल्लीत घरोघरी बायका लूमसाठी कांड्यांवर सूत भरायच्या, ते तिने पाहिलेलं होतं. डाव्या हाताने कांडी फिरवायची, उजव्याने सूत गुंडाळायचं. पोर रंगली. एक दिवस तिने फ्रॉकचं बटण स्वतः लावलं, तर बाईंनी मला अशी हाक मारली, जणू घरात लग्नच ठरलंय.

त्याच आठवड्यात तिचे वडील ड्युटीवरून परस्पर तिला न्यायला आले. तिच्या हातातली कांडी पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, माझी जिंदगी लूमवर गेली. हिला त्यातून काढायला इथं पाठवली, और तुम वहीच सिखाती?"

दोन शांत वाक्यांत मिटलं असतं हो! पण बाई म्हणाल्या, "कळत नसेल तर मध्ये बोलू नका." वडिलांनी पोरीला उचललं आणि ते गेले. मला बाईंचा भयंकर संताप आला. दुसऱ्या दिवशी बाई माफी मागायला त्यांच्या घरी गेल्या आणि तिथेही भांडून आल्या. मग रिकाम्या वर्गात बसून म्हणाल्या, "आत्ता कुठे जमायला लागलं होतं गं तिला." त्या रडत होत्या. तरीही माझा राग गेला नाही.

बालवाडीत कांड्या भरायला शिकवतात, ही बातमी गल्लीभर झाली. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने वाळू उचलली, बाकं आणली. बाई भिवंडी सोडून नाशिकला भावाकडे गेल्या.

पुढच्या वर्षी नसीमला घेऊन तिचे वडील दारात उभे. तिच्या हाताने पाटीवर अक्षर उमटेना, म्हणून शाळेने तिला पहिलीत घेतलं नव्हतं. "वो बाई किधर हैं? त्यांना सांगा, काय पण शिकवा. मी काही बोलणार न्हाय."

"बाई गेल्या," मी म्हटलं.

त्यांनी आत पाहिलं. मुलं ओळीत बसून एबीसीडी गिरवत होती. "सालभर ट्यूशनला पाठवली, वहाँ भी यहीच था," ते हळूच म्हणाले आणि निघाले.

नसीम मात्र हलेना. ती वाकून वाकून बाकांखाली बघत होती, बाई कुठे लपल्यात ते.