बाबा उठले नाहीत म्हणून पृथ्वी थांबली

लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही पहिल्या वर्षात गटांगळ्या खाल्लेला. त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

सहामाहीत मी पदार्थविज्ञानात नापास झालो. बाबांनी सांगून टाकलं, "पुन्यांदा असं झालं तर खोपोलीच्या कारखान्यात चिकटवीन. तुझ्या काकाकडं शब्द टाकून ठेवलाय."

मला एकच प्रश्न छळत होता. चंद्र पृथ्वीभोवती सव्वासत्तावीस दिवसांत फिरतो, मग अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस का लागतात? पुस्तकातली आकृती पाठ होती, कळली नव्हती.

नाताळच्या सुट्टीत कर्जतजवळच्या आमच्या गावी गेलो तेव्हा खळ्यात भाताची रास लागली होती. मी ठरवलं, घरच्यांनाच उभं करून बघावं. आई सूर्य, बाबा पृथ्वी, मी चंद्र. मी बाबांभोवती फिरायचं, बाबांनी आईभोवती.

"मी नाय उठनार," बाबा म्हणाले. आमच्याकडे राशीपाशी बसलेला घरचा कर्ता भात मापून होईपर्यंत जागचा हलत नाही, आणि मापायला येणारे काका अजून आले नव्हते.

"पण बाबा, पृथ्वी फिरते."

"फिरू दे. मी बसलोय. तुझ्या आयेला फिरव."

मग आई हातातल्या सुपासकट लांबून सावकाश चालू लागली, आणि मी त्याच दिशेने बाबांभोवती भराभर.

शेजारीण कुंपणापाशी थांबली. "वयनी, काय हरवलं का गं?"

"हरवलं नाय. मी सूर्य हाय."

निघताना आम्ही तिघे खळ्याकडेच्या चिंचेच्या झाडाच्या रेषेत होतो, म्हणजे अमावास्या. माझी फेरी चिंचेपाशी पुरी झाली, पण आई तोवर पुढे गेली होती. तिला गाठायला आणखी काही पावलं चालावी लागली. तेच ते वरचे सव्वादोन दिवस! पृथ्वी फिरो की सूर्य, आकडा तोच येणार होता. मी आनंदाने ओरडलो.

"कालेजात ह्येच शिकवतात का रं?" आई धापा टाकत म्हणाली. "आयेला गरगरा फिरवायचं?"

वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी पृथ्वी फिरवायचा खूप प्रयत्न केला, पण डोळ्यांसमोरचे बाबा काही उठेनात. शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पृथ्वी स्थिर आहे असे धरू.'

बाहेर आल्यावर वर्गमित्र म्हणाला, "सूर्याला फिरवलंस? मेलास तू!"

घरी सांगितलं, तर बाबांना काहीच वाटलं नाही. "मंग? मी बसलोच व्हतो ना रं? खरं तेच लिवलंस." पण कारखान्यात कधी पाठवायचं, हेही त्यांनी काकांना विचारून ठेवलं.

मे महिन्यात तोच मित्र सायकल दामटत आला. त्याने सरांकडे माझा पेपर पाहिला होता. त्या उत्तराखाली सरांनी शेरा मारला होता, 'बरोबर. मात्र हे कोणत्या पुस्तकात आहे, ते येऊन सांगणे.' आणि मी पास होतो, बरोबर पस्तीस गुणांनी.